मामीचा प्रश्न: रेडिएशन रक्ताच्या मूळपेशींचं नेमकं काय करतं?

हा मागच्या रविवारच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांना पाऊण तास बसून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंजची बोंब आहे (आमच्या पालमला आहेच) त्यांच्यासाठी. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" आणि मागं भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय. एक आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला सॉफ्टवेअरवाला आहे. उपचाराचा सल्ला इथं मिळणार नाही. आत काय घडतं तेवढं समजून घेऊ.

तर प्रश्न माझा नाही, माझ्या मामीचा आहे.

अडीच वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाला रक्ताचा कॅन्सर निघाला. एएलएल नावाचा. वय सोळा. केमो झाली, आजार आटोक्यात आला, सगळ्यांनी पेढे वाटले आणि काही महिन्यांत तो परत आला. मग पुन्हा केमो, आणि या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितला. त्याच्या आधी तीन दिवस, रोज दोन वेळा, पूर्ण अंगावर रेडिएशन. मामा-मामी पालमहून गंगाखेडला येऊन रेल्वेनं गेले, मी पुण्याहून पोचलो. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, कागदांवर सह्या झाल्या होत्या. पण डॉक्टरला उलट कसं विचारायचं म्हणून मामी तिथं गप्प बसली, आणि बाहेर बाकड्यावर मला म्हणाली, "आधीच पोराच्या अंगात रगत ऱ्हायलं नाही, अन् आता शेक देऊन उरलेलं बी जाळायलेत का काय?"

घरात शिकलेला मीच. मी ठोकून दिलं, "नाही मामी, ते मशीन फक्त कॅन्सरलाच मारतं."

हे खोटं होतं. मला तेव्हा ते खोटं आहे हेही नीट माहीत नव्हतं. पुढं आठवडाभरात पोराच्या पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर आल्या. वर्षभरात मामी रिपोर्टवरचे आकडे वाचायला शिकली होती. तिनं तो कागद पाहिला आणि तिला वाटलं, काहीतरी चुकलं, पोरगं गेलं. त्या रात्री तिनं मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "तू तर म्हणला होतास?" तिथल्या सिस्टरनं तिला समजावलं की हे असंच होणार होतं, ठरलेलंच होतं. मी मात्र दोन दिवस तिला फोन लावला नाही. लाज वाटली. नंतर बसून वाचलं, विचारलं, आणि जे कळलं ते आज सांगतोय.

आधी "शेक" या शब्दाकडं बघू. आपल्याकडं रेडिएशनला कुणी शेक म्हणतं, कुणी करंट, कुणी लाईट. शेक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? उष्णता. भाजणं. आता जरा हिशोब करा. रेडिएशनचा डोस "ग्रे" मध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे शरीराच्या एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण अंगावर ४ ग्रे मिळाले तर झाले २८० ज्यूल. ६० अंश गरम चहाच्या फक्त ३ मिलिलिटरमधून, म्हणजे चहाच्या चमच्यात तो अर्ध्याहून थोडा जास्त भरेल, शरीराला जवळपास एवढीच ऊर्जा मिळते. अंगाचं तापमान वाढलं तर एका अंशाचा हजारावा भाग. आणि एकदम मिळालेला हाच ४ ग्रेचा डोस, उपचार मिळाला नाही तर, दोन महिन्यांत साधारण निम्म्या माणसांचा जीव घेऊ शकतो.

मी हा हिशोब तीन वेळा केला. वाटलं दशांश चिन्ह चुकतंय. नाही चुकत.

चहाची ऊर्जा अंगभर सगळ्या रेणूंत थोडी थोडी वाटली जाते, कुणालाच धक्का बसत नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरण तसं वाटप करत नाहीत. ते एखाद्या ठिकाणी एका इलेक्ट्रॉनला जोरात उडवून लावतात आणि तो इलेक्ट्रॉन पुढं धावताना वाटेतल्या रेणूंची बंधं तोडत जातो. पेशीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळं तुटतं तेही बहुतेक पाणीच. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अर्धवट, भुकेलेला तुकडा तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. पण तेवढ्यात शेजारी डीएनए असेल तर तो त्याचा लचका तोडतो. क्ष-किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश असं पाण्याच्या आडून होतं.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. डीएनए म्हणजे दोन धाग्यांची गुंफण, आणि एका धाग्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्यावरून ओळखता येतं. सर्व्हरमध्ये आपण एकाच डेटाच्या दोन डिस्क ठेवतो ना, तसं. एक डिस्क गेली तर दुसरीवरून भरून काढायची. एक ग्रे डोसमध्ये एका पेशीत साधारण हजार ठिकाणी एक धागा तुटतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण पेशीला त्याचं फारसं काही वाटत नाही. समोरचा धागा बघून ती दुरुस्ती करते. रोजच्या जगण्यातही असे तुकडे पडतच असतात.

खरी गोची होते ती दोन्ही धागे एकाच जागी तुटले की. एका ग्रेमध्ये असे दुहेरी तुटवडे पेशीमागे तीस-चाळीसच होतात. पण इथं बघायला समोर धागाच नाही. दोन्ही डिस्क एकाच सेक्टरला गेल्या. आणि आमच्याकडं निदान कालचा बॅकअप असतो, पेशीकडं काल नावाची गोष्ट नसते.

मग पेशी काय करते? दोन रस्ते आहेत. एक चांगला: त्याच मजकुराची दुसरी ताजी प्रत शोधायची आणि तिच्यावरून उतरवून घ्यायचं. पण ती ताजी प्रत पेशी विभागणीच्या तयारीत असेल, म्हणजे डीएनएची नक्कल करून झालेली असेल, तेव्हाच हाताशी असते. दुसरा रस्ता घाईचा: तुटलेली टोकं धरायची, थोडी घासायची आणि चिकटवून टाकायची. काही अक्षरं गळतात. कधी या गुणसूत्राचं टोक त्या गुणसूत्राला जोडलं जातं.

हे सगळं शरीरातल्या कुठल्याही पेशीला लागू आहे. मग रक्तावरच एवढं का येतं?

आपल्या कंबरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांत जी मऊ मज्जा असते, तिथं रक्ताचा कारखाना चालतो. तांबड्या पेशीच सेकंदाला वीस लाखांहून जास्त बनतात, दिवसाला वीस हजार कोटींच्या आसपास. पण या सगळ्या उत्पादनाच्या मुळाशी असलेल्या खऱ्या मूळपेशी मोजक्याच असतात. मोठ्या माणसात ५० हजार ते २ लाख असा अंदाज आहे. आणि गंमत अशी की त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. कित्येक महिन्यांतून एखादी वेळ विभागतात. रोजचं काम त्यांच्या लेकी-नाती करतात. यात शहाणपण आहे. मूळ प्रत जितकी कमी वेळा उतरवाल तितक्या चुका कमी. मेन ब्रँचवर कुणी रोज उठून हात घालत नाही.

पण रेडिएशन आलं की ही झोपच आडवी येते. झोपलेल्या पेशीनं डीएनएची नक्कल केलेली नसते, म्हणून चांगल्या दुरुस्तीची ताजी प्रत तिच्याकडं नसते. तिला घाईच्या रस्त्यानंच जावं लागतं. २०१० साली उंदरांवरच्या एका अभ्यासात हेच दिसलं: झोपलेल्या मूळपेशी रेडिएशननंतर जगल्या, पण चिकटवाचिकटवीत चुका घेऊन जगल्या. त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी माणसाच्या नाळेतल्या रक्तातल्या मूळपेशी तपासल्या. तिथं वेगळंच. दुहेरी तुटवडे दिसले की या पेशी दुरुस्तीची फार वाट न बघता मरून जायला तयार असतात. पी-५३ नावाचं प्रथिन हा निकाल देतं. "या पेशीवर भरवसा नाही, बंद करा." मला हे फार आवडलं, खरं सांगतो. ज्या पेशीची लेकरं पुढं सत्तर वर्षं अंगभर फिरणार, तिच्यात शंका असेल तर ती नकोच.

म्हणजे दोन शक्यता. मूळपेशी मेली तर रक्त कमी पडतं. मूळपेशी चूक घेऊन जगली तर चुकीचं रक्त बनायची भीती. पहिली शक्यता आठवड्यात कळते, दुसरीला वर्षं लागतात.

पहिलीचं बघू, कारण मामीला घाबरवणारा कागद तोच. गिरणी बंद पडली तरी दुकानात चार दिवस पीठ असतं. रक्ताचंही तसंच, फक्त प्रत्येक मालाचा साठा वेगळा. लिम्फोसाइट या पेशी स्वतःच रेडिएशनला फार नाजूक, त्या पहिल्या एक-दोन दिवसांतच कोसळतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात फार दिवस टिकत नाहीत, त्या पुढच्या काही दिवसांत संपतात. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात, म्हणून त्यांचा नंबर त्यानंतर. तांबड्या पेशी १२० दिवस. म्हणून हिमोग्लोबिन लगेच ढासळत नाही आणि नातेवाईक म्हणतात, बघा रक्त तर चांगलंय. रेडिएशननं रक्तातल्या तांबड्या पेशी मारल्याच नव्हत्या. त्यांच्यात डीएनएच नसतो, तुटणार काय? तुटलं ते बियाणं.

दुसऱ्या शक्यतेचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त या बाजूनं आपण बघितलेलं नसतं. कागदाचे बगळे करणारी हिरोशिमाची सादाको सासाकी. ६ ऑगस्ट १९४५ ला ती दोन वर्षांची होती. वाचली. धावण्यात पटाईत होती म्हणतात. १९५५ मध्ये ल्युकेमियानं गेली. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत ल्युकेमिया बाँबनंतर दोन-तीन वर्षांत वाढायला लागला आणि सहा ते आठ वर्षांनी सर्वात जास्त झाला. कुणा एकाच्या बाबतीत "हा बाँबमुळंच" असं ठामपणे सांगता येत नाही, हजारो लोकांचा हिशोब एकत्र केल्यावर ते दिसतं. चुकीची चिकटवाचिकटवी कशी घात करते हे पाहायचं तर ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटतात तो प्रकार बघा. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. त्या जोडावर दोन वेगळ्या जनुकांचं मिळून एक नवंच जनुक तयार होतं, जे पेशीला सतत "विभाग, विभाग" असं सांगत राहतं. बंद करायचं बटणच नाही. सीएमएल नावाचा रक्ताचा कॅन्सर त्यातून होतो.

इथं एपिसोडमध्ये एकानं लाईव्ह विचारलं होतं की मग एक्स-रे काढायचाच नाही का. काढायचा. छातीचा एक्स-रे फार तर ०.१ मिलिग्रेच्या घरात असतो. माझ्या भावाला मिळालेला एकूण डोस त्याच्या लाखपट होता. सीटी स्कॅनचा डोस एक्स-रेपेक्षा बराच जास्त, म्हणून तो "काढून टाकू एकदा" म्हणत हौसेनं काढू नये, पण डॉक्टरनं सांगितल्यावर घाबरून टाळूही नये.

आता उलटा प्रवास. जे एवढं घातक, ते उपचारात कसं आलं?

१९४९ मध्ये शिकागोला लिऑन जेकबसन यांनी उंदरांना मारक डोस दिला, पण त्यांची प्लीहा शिशानं झाकून. उंदीर जगले. उंदराच्या प्लीहेतही रक्त बनतं, तिथलं बियाणं वाचलं होतं. मग कळलं की बाहेरून निरोगी मज्जा टोचली तरी उंदीर जगतो. १९५७ मध्ये अमेरिकेत डोनल थॉमस यांनी माणसांवरचे असे पहिले प्रयत्न जाहीर केले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण गेले. ते चिकाटीनं मागं लागून राहिले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण मला यातला सगळ्यात भारी प्रयोग वाटतो तो टोरंटोचा. टिल आणि मॅक्युलॉक हे दोघं. १९६१ मध्ये त्यांनी रेडिएशन दिलेल्या उंदरांना मज्जा टोचली आणि दहा-बारा दिवसांनी प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. प्रत्येक गाठ म्हणजे नव्या रक्तपेशींची वसाहत. प्रश्न असा, की एक गाठ एकाच पेशीपासून झाली का अनेकांपासून? १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांच्यासोबत त्यांनी युक्ती केली. टोचलेल्या पेशींना मुद्दाम थोडं रेडिएशन दिलं, जेणेकरून काहींची गुणसूत्रं मोडून चुकीची जुळतील. प्रत्येक मोड वेगळी, जणू नावपट्टीच. मग गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर एका गाठीतल्या पेशींवर तीच एक खूण. म्हणजे आई एकच! रक्ताची मूळपेशी खरंच असते याचा भक्कम पुरावा रेडिएशननं केलेल्या नुकसानीतूनच मिळाला. बगलाच लॉग म्हणून वापरलं राव.

भारतात पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मार्च १९८३ मध्ये झाला, ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर. करणारे डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं ते व्हीलचेअरवरून काम करतात, आणि हे तंत्र ते सिएटलला त्याच डोनल थॉमस यांच्याकडं शिकून आले होते. शिकागोच्या उंदरापासून परळपर्यंत चौतीस वर्षं.

तर मामीला तेव्हा काय सांगायला हवं होतं? हे: हो मामी, त्याचं रक्त बनवणारं सगळं बियाणं मारणारेत. मुद्दाम. कॅन्सर त्याच कारखान्यात बसलाय, आणि चांगलं-वाईट वेगळं करून मारता येईल असं ते मशीन नाही. शिवाय काही कॅन्सर पेशी मेंदूच्या आसपास किंवा वृषणात दडून बसतात, तिथं केमोचं औषध नीट पोचत नाही, किरण पोचतात. आणि त्याची प्रतिकारशक्तीही मोडावी लागते, नाहीतर बहिणीच्या पेशींना ती परकं समजून हाकलून देईल. म्हणून १२ ग्रे, सहा भागांत. तुकड्यातुकड्यांत का, तर मधल्या तासांत फुप्फुसासारखे अवयव स्वतःला बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात. मज्जेला ते तितकं जमत नाही. पेशींच्या दुरुस्तीच्या क्षमतेतला जो फरक आहे, त्या फटीतून हा सगळा उपचार चालतो.

एवढी किंमत मोजायची कशाला, याचंही उत्तर आहे. फोरम नावाच्या, अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासात एएलएल आटोक्यात आलेल्या मुलांना ट्रान्सप्लांटच्या आधी एका गटात रेडिएशन दिलं, दुसऱ्या गटात त्याऐवजी नुसती औषधं. दोन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातली ९१ मुलं हयात होती, दुसऱ्यात ७५. किंमत मात्र खरी आहे. पुढं थायरॉइड, मोतीबिंदू, वाढ, मूल होणं, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. वीर्य साठवून ठेवायचं का, हा प्रश्न सोळा वर्षांच्या पोराला आईबापासमोर विचारला गेला. मामा उठून बाहेर गेले.

हे सगळं मी मामीला नंतर सांगितलं, घरी, भाकरी करता करता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी हराळी लागलेलं रान. सगळं खणून काढल्याबिगर नवं पेरता येत नाही." मी दोन महिने वाचून जे समजलो ते तिनं तव्यावर भाकरी पलटायच्या आत सांगून टाकलं.

पेरणीही साधीच दिसते. थोरल्या बहिणीला चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली, मग मशीनवर बसवून तिच्या रक्तातून मूळपेशी गोळा केल्या. तिच्या अंगात त्या परत भरून येतात. भावाला त्या सलाईनसारख्या शिरेतून दिल्या. हाडात काही टोचावं लागत नाही, त्या स्वतःच मज्जेची वाट शोधतात. तोपर्यंत त्याला रक्त आणि प्लेटलेट चढवत होते, आणि त्या पिशव्यांनाही आधी रेडिएशन दिलेलं असतं बरं का. कारण रक्तदात्याच्या लिम्फोसाइट या दुबळ्या शरीरात वाढल्या तर त्याच्यावरच उलटतील. डीएनए मोडला की त्यांना विभागता येत नाही. अशी पिशव्यांची यंत्रं आपल्या नवी मुंबईतलं ब्रिट बनवतं. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशींचा आकडा हलला. मामीनंच फोन करून मला सांगितला.

गावी आल्यावर वेगळाच त्रास. शेजारच्या दोन घरांनी लेकरं पाठवणं बंद केलं. "त्याच्या अंगात ते किरण हायेत." मास्क आणि गर्दी टाळणं गरजेचं होतं, पण ते लोकांचे जंतू त्याला लागू नयेत म्हणून. त्याच्यापासून कुणाला काही नव्हतं. बाहेरून दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपतं, जसा दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही. काही उपचारांत किरणोत्सर्गी औषध पोटात देतात, तिथं काही दिवस काळजी घ्यावी लागते, ती गोष्ट वेगळी. मी त्या काकूंच्या ओट्यावर बसून हे समजावलं. एक घर ऐकलं. दुसरं अजून नाही.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. अठरा झालीत, लायसन्सचा फॉर्म भरत होता. शाळेच्या ओळखपत्रावर त्याचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. बहिणीचा बी पॉझिटिव्ह. ट्रान्सप्लांटला रक्तगट जुळावाच लागतो असं नाही, एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात, आणि त्या जुळल्या होत्या. आता त्याच्या रक्तपेशी बहिणीच्या मूळपेशींतून बनतात, तपासल्या तर त्यांत मुलीची गुणसूत्रं दिसतात. गालाच्या आतली पेशी तपासली तर मुलाची. "दादा, मग फॉर्मवर काय लिहू?"

मी म्हणलं बी लिही. तो म्हणाला, ताई आता जन्मभर ऐकवणार.